घडीचा चाकू हातात घेताना

आमच्या इंदूरच्या घरी खंडेनवमीला पाटावर पान्हे, पक्कड, आईची कात्री आणि अण्णांचा घडीचा चाकू मांडला जायचा. अण्णा हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते. पाटावर तलवार नव्हती, कट्यार नव्हती. जे रोज हातात यायचं त्यालाच हळदकुंकू लागायचं. चाकू हे अवजार आहे ही समजूत माझ्यात तिथून आली आणि पुढे ड्राफ्ट्समनच्या नोकरीत, पेन्सिली तासता तासता, ती पक्की झाली. गेल्या दिवाळीत जर्मनीहून आलेल्या भाच्याने, “मामा, हा तुमच्यासाठी,” म्हणत एक फ्रेंच ओपिनेल हातात ठेवला. हा माझा चौथा चाकू. प्रत्येक चाकू नवा असताना मला काय वाटलं आणि वापरात ते कुठे खोटं ठरलं, ते इथे लिहितो आहे. हल्ली जानापाव, पाताळपाणीच्या भटकंतीला निघालेली तरुण मुलंमुली पहिला चाकू विकत घेतात. त्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहितो आहे.

१. पहिल्या दिवशी चाकू तपासा, कापाकापी नंतर करा.

सहा वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलेला एक चाकू खोक्यातून काढला तेव्हा मी खरोखर भाळलो होतो. बिजागरीत बारीक छर्रे होते. अंगठ्याने जरा रेटलं की पातं अलगद बाहेर येई आणि ‘खट्’ करून बसे. दिवसभर मी तो नुसता उघडत-मिटत होतो. धारही उत्तम होती, हातावरचे केस उडत होते. आठवड्याने चोरलच्या बाजूला सहलीला गेलो. एका वाळक्या काठीला खाच पाडताना पातं लाकडात अडकलं, ते सोडवायला मी मूठ हलवली आणि उघडं पातं बोटांवर मिटलं. दोन बोटांना मिळून पाच टाके पडले.

दोष कुठे होता ते घरी येऊन उजेडात पाहिल्यावर कळलं. अशा चाकूच्या मुठीत एक पातळ, किंचित वाकवलेली पोलादी पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती आडवी सरकते, पात्याच्या बुडामागे येऊन बसते आणि त्याला मिटू देत नाही. माझ्या चाकूत ती पट्टी बुडाच्या जेमतेम कडेला टेकत होती. जोर पडला, ती निसटली. पहिल्या दिवशी पाच मिनिटं दिली असती तर हे दिसलं असतं.

आता मी आधी मिटलेला चाकू दिव्यासमोर धरतो. पातं मुठीच्या मधोमध बसलंय की एका बाजूला घासतंय? मग उघडून पात्याची पाठ चिमटीत धरतो आणि डावीउजवीकडे हलवून पाहतो, खुळखुळतं का. पट्टी बुडामागे किती आत आली आहे ते बघतो. शेवटी पात्याची पाठ लाकडी पाटावर हलकेच आपटतो. त्या वेळी एकही बोट पात्याच्या वाटेत नसतं. यात नापास झालेला चाकू कितीही देखणा असो, परत पाठवा.

२. बोट उघडताना कापत नाही, मिटताना कापतं.

अण्णांच्या चाकूला कसलंच कुलूप नाही. पाठीत एक पोलादी कमान आहे, तिच्या दाबावर पातं उघडं राहतं आणि तिच्याच दाबावर मिटतं. सियागंजातून घेतलेला, पितळी टोप्या असलेला साधा चाकू. मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली, अण्णांच्या खिशातला चाकू मात्र अखेरपर्यंत तिथेच राहिला. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि तासभर फक्त मिटायला शिकवलं. मूठ दोन्ही बाजूंनी धरायची, पातं जिथे शिरतं त्या खाचेवर बोट आणायचं नाही, दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याची पाठ ढकलायची आणि डोळे पात्यावरच ठेवायचे. कोणी हाक मारली तर आधी चाकू मिटायचा, मग ‘ओ’ द्यायची.

त्यांचा दुसरा नियम असा की टोकाने खुपसायचं नाही, धारेने ओढून कापायचं. टोक दाबलं की कमानीचा चाकू मिटायला बघतो. चोरलच्या त्या दिवसानंतर मी कुलूप असलेला चाकूही बिनकुलपाचा समजूनच वापरतो.

३. केस उडतात म्हणजे चाकू चांगला, असं नाही. गराडू सोलून बघा.

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: गराडू हा माळव्यातला कंद. थंडीत तो तळून, वर मसाला भुरभुरून आणि लिंबू पिळून सराफ्यात रात्री मिळतो. कच्चा गराडू सोलणं हे चिवट काम आहे. साल जाड आणि खडबडीत, आत चिकट बुळबुळीत गर. हाताला खाज सुटते म्हणून आधी तेल चोळून बसावं लागतं. मूठ ओल्या हातात कशी राहते, पातं सालीखालून कसं सरकतं, हे सगळं एका कंदात कळतं.

केस उडवणारा तो देखणा चाकू इथे हरला. त्याचं पातं साडेतीन मिलिमीटर जाड. धार सालीत शिरे, पण मागची जाडी आत जाईना. सफरचंदावरही तेच. अर्ध्यापर्यंत कापे, मग फळ तडकून दोन फाका होत. ओपिनेलचं पातं पाठीलासुद्धा दोन मिलिमीटरहून कमी आणि धारेकडे निमुळतं होत गेलेलं. त्याने गराडूची साल लांब पट्ट्यांनी उतरली. हिवाळ्यातला पिकलेला जाम, म्हणजे पुण्यामुंबईचा पेरू, त्याने इतका पातळ चिरला जातो की चकतीतून बिया मोजाव्यात. जाड पातं दणकट दिसतं म्हणून लोक घेतात. खिशातल्या चाकूला रोज जे काम पडतं, त्यात पातळ पातंच जिंकतं. याबाबतीत माझं मत आता बदलणार नाही.

४. ओपिनेलवर मी आधी नाराज झालो होतो.

हातात घेतला तेव्हा वाटलं, हे तर खेळणं. बीच लाकडाची गोल मूठ, एक पातं, एक कडं, बस. झोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये फ्रान्सच्या साव्हुआ या डोंगरी भागात शेतकऱ्यांसाठी तो बनवला आणि त्याची घडण आजही जवळपास तीच आहे. पातं अडवणारं फिरतं कडं तेवढं १९५५ मध्ये आलं. माझा आठ नंबरचा, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा आणि साध्या कार्बन पोलादाचा. त्याला स्टेनलेसची चकाकी नाही. पहिल्याच आठवड्यात लिंबू कापलं आणि पातं काळवंडलं, जामाच्या फोडीलाही लोखंडाची चव आली. त्यात जुलैची झड लागली, लाकूड पाणी पिऊन फुगलं आणि पातं मुठीत असं रुतलं की नखाने उघडेना. मी तो कपाटात टाकला.

चूक माझी होती; हा चाकू स्वतःकडे लक्ष मागतो. मूठ चार दिवस उन्हात वाळवली आणि जवसाचं तेल थोडं थोडं तीन दिवस मुरवलं. आता पावसातही पातं निघतं. अगदीच अडलं तर मुठीचा मागचा कोपरा टेबलावर ठोकावा, पातं थोडं पुढे येतं. साव्हुआचे लोक हेच करतात. पात्याला मी प्रत्येक वापरानंतर पुसून खोबरेल तेलाचं बोट लावतो. त्यावर आता करडा-निळा थर धरला आहे, तो गंजाला आवर घालतो आणि फळाला पूर्वीसारखी चव लागत नाही.

५. धार स्वतः लावायला शिका.

माझा स्विस चाकू याचा धडा देऊन गेला. कार्ल एल्सेनर यांनी १२ जून १८९७ रोजी ज्या चाकूची नोंदणी केली, त्याच कुळातला हा. एकाच मुठीत पातं, डबा उघडणी, स्क्रू-ड्रायव्हर, टोच्या. याचं पोलाद मुद्दाम फार कडक ठेवलेलं नसतं, त्यामुळे धार लवकर जाते आणि लवकर परत येते. पहिल्यांदा धार गेली तेव्हा मी तो रस्त्यावरच्या एका धारवाल्याकडे दिला. कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या, टोक निळं पडलं, आणि पात्याची दीड मिलिमीटर रुंदी दोन मिनिटांत गेली. पोलाद असं तापून निळं झालं की त्याला दिलेलं पाणी उतरतं. मग ते टोक कितीही घासा, धार टिकत नाही. जुन्या शिकलगारांना हे ठाऊक होतं. ते चाकावर पाणी सोडत, पातं क्षणभरच टेकवत. असा कारागीर जवळ असेल तर त्याला सोडू नका.

नाहीतर हजार नंबरचा दगड घ्या आणि तो पाण्याने ओला ठेवा. कोन हे यातलं सगळ्यात अवघड काम, त्याचा ड्राफ्ट्समनचा हिशेब सांगतो: पातं पंधरा मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून पाच मिलिमीटर वर ठेवा, साधारण वीस अंश होतात. धारेच्या पलीकडे बोटाला बारीक खरखरीत कोर लागेपर्यंत एक बाजू घासा, मग दुसरी. ती कोर जुन्या चामडी पट्ट्यावर पातं मागे ओढून काढा. पहिल्या तीन वेळा बिघडेल, चौथ्यांदा जमेल.

६. जो चाकू आवाजासाठी घ्यावासा वाटतो, तो घेऊ नका.

हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. इंदूरच्या वर्तमानपत्रात चाकूबाजीची बातमी नाही असा आठवडा विरळा. त्यात बहुतेक वेळा कोवळी पोरं असतात. भांडण किरकोळ असतं, खिशात चाकू असतो म्हणून ते मरणावर जातं. त्यातल्या कित्येकांनी त्या चाकूने कधी आंबाही कापला नसेल.

एकदा रामपूरला जाणं झालं. तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या चाकू बनवतात, नवाबांच्या काळापासून. नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी घातली आणि धंदा उतरला. २०२३ मध्ये त्याच गावाने चौकात वीस फुटी चाकू उभारला. एका दुकानात वृद्ध कारागिराने रामपुरी उघडून दाखवला. क्रमाने वाजत गेलेले ते खटके ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. पितळेवरचं काम अप्रतिम होतं. तरी मी तो घेतला नाही. सिनेमांनी त्या आवाजाला दहशतीचा अर्थ दिला आहे आणि तो आवाज माझ्या खिशात मला नको होता.

कायदाही माहीत असायला हवा. मध्य प्रदेशात १९७४ ची अधिसूचना आहे. सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं हत्यार सार्वजनिक ठिकाणी बाळगायला ती मनाई करते, आणि स्प्रिंगने उघडणारा खटकेदार चाकू तर कोणत्याही लांबीचा असो, मनाईच. दुसऱ्या राज्यांत मापं वेगळी आहेत. प्रवासाला जाताना तिथले नियम विचारून घ्या. बटण दाबलं की उघडतो म्हणून एखादा चाकू आवडला असेल, तर आपल्या राज्यात तो गुन्हा आहे, एवढं घेण्याआधी समजून घ्या.

७. विमानतळावर निघण्यापूर्वी खिसा तपासा. चाकू मोठ्या बॅगेत टाकायचा, हातातल्या पिशवीत नाही. माझा पहिला स्विस चाकू तपासणीच्या टेबलावरच राहिला. चूक पूर्णपणे माझी होती.

८. मुलांना आधी पेन्सिल तासायला शिकवा.

जुन्या मराठीत छोट्या चाकूला कलमतराश म्हणत, म्हणजे कलम तासणारा. होळकरांच्या दफ्तरातली मोडी कागदपत्रं बोरूने लिहिलेली आहेत आणि प्रत्येक कारकुनाजवळ बोरू तासायला चाकू असायचा. लेखणी आणि चाकू एकाच कलमदानात राहत. आमच्या ऑफिसातही २एच पेन्सिल गिरमिटात घालत नसत. लाकूड तीन सेंटिमीटरपर्यंत उतरतं तासायचं, शिसं आठ-दहा मिलिमीटर उघडं ठेवायचं, मगच रेघ शेवटपर्यंत एकाच जाडीची येते.

माझी नात नऊ वर्षांची आहे. तिला मी अण्णांचा चाकू दिला, आधी मिटायला शिकवलं, मग पेन्सिल. डाव्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर, ढकलायचं फक्त त्यानेच, उजवा हात नुसता दिशा देतो. पहिल्या दिवशी तिने सहा टोकं मोडली. पंधरा दिवसांनी तिच्या चित्राच्या शिक्षकांनी विचारलं, ही पेन्सिल कोणी केली. परवा तिला मला हाक मारायची होती, तिच्या हातात चाकू होता. तिने आधी तो मिटला, टेबलावर ठेवला आणि मग म्हणाली, “आजोबा!”

आपल्या घरात वडिलांचा, आजोबांचा असा घडीचा चाकू एखाद्या ड्रॉवरमध्ये पडला असेल, तर तो शोधा. बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडा, दोन दिवसांनी हळूच उघडा, दगडावर धार लावा. येत्या खंडेनवमीला तो पाटावर ठेवा आणि दुसऱ्या दिवसापासून वापरायला काढा.