महाकाय क्षेपणास्त्रनौका : एक विचार

युद्धनौका जितकी मोठी तितकी ती अजिंक्य, असा आपला समज असतो. सोव्हिएत नौदलाच्या ‘स्लाव्हा’ वर्गातील नौका पाहता तो खराही वाटेल. लांबी सुमारे १८६ मीटर; दोन्ही बाजूंना आठ-आठ प्रचंड क्षेपणास्त्रे! शत्रूच्या विमानवाहू नौका बुडविणे, हे त्यांचे मुख्य काम. यांतील पहिली नौका युक्रेनमधील मिकोलाइव्ह येथे बांधली गेली व १९८३ साली नौदलात दाखल झाली. पुढे तिचे नाव ‘मॉस्क्वा’ झाले. रशिया-युक्रेन युद्धात, एप्रिल २०२२ मध्ये, ती काळ्या समुद्रात बुडाली. आपल्या क्षेपणास्त्रांनी तिचा वेध घेतला, असे युक्रेनने जाहीर केले. रशियाने आगीचे कारण दिले. तात्पर्य, दुरून प्रहार करण्याचे सामर्थ्य म्हणजे स्वसंरक्षणाचे सामर्थ्य नव्हे. या भ्रमाची किंमत मात्र नौकेवरील सामान्य खलाशीच मोजतो.