शालेय नोंदींच्या प्रती : थोड्या जागेचे नियोजन

गावातील एखादा मनुष्य पन्नास वर्षांनी जन्मतारखेच्या दाखल्यासाठी शाळेत येतो, तेव्हा सर्वसाधारण नोंदवहीतील एका ओळीवर त्याचे पुष्कळ काम अवलंबून असते. आता शाळेच्या अनेक नोंदी संगणकावरही असतात. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेचे पाणी पंढरपूर परिसरात, तर सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचे पाणी काठच्या गावांत शिरले. अशा वेळी कपाटातील वही आणि टेबलावरील संगणक दोन्ही एकदमच भिजतात. सबब नोंदींच्या प्रती राखणे हे शिक्षकाचे कर्तव्यच ठरते.

साठवणीची जागा मात्र बेताचीच असते. समजा, शाळेच्या १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर १४ जीबी जागा मोकळी आहे आणि पूर्ण प्रतीस १ जीबी लागते. रोज पूर्ण प्रत ठेवल्यास पंधरवड्यातच जागा संपेल. यास्तव पुढील क्रम ठेवावा :

१. शनिवारी शाळा सुटल्यावर पूर्ण प्रत घ्यावी. अशा चार ठेवाव्यात : ४ जीबी.

२. सोमवार ते शुक्रवार, मागील शनिवारनंतर बदललेल्या नोंदींचीच प्रत घ्यावी. पाच मिळून सुमारे अर्धा जीबी.

३. महिन्याच्या अखेरच्या शनिवारी आणखी एक पूर्ण प्रत मासिक म्हणून ठेवावी. अशा सहा : ६ जीबी.

एकूण साडेदहा जीबी झाले. उरलेली जागा नोंदींच्या वाढीसाठी असावी. नवी प्रत नीट उतरल्यावरच सर्वांत जुनी पुसावी. आधी पुसू नये.

गुरुवारी सकाळी संगणक बिघडल्यास शनिवारची पूर्ण प्रत व तीवर बुधवारची प्रत चढविली की काम भागते. मासिक प्रतींचे प्रयोजन निराळे आहे. एखाद्या मुलीची जन्मतारीख चुकून बदलली गेली व ते दीड महिन्याने ध्यानात आले, तर तोवर चारही साप्ताहिक प्रतींत तीच चूक उतरलेली असते. खरी तारीख जुन्या मासिक प्रतीतच सापडते.

पेनड्राइव्ह संगणकास सदैव जोडून ठेवू नये. संगणकातील विषाणू त्यातही शिरतो. दुसऱ्या पेनड्राइव्हवरील मासिक प्रत केंद्रशाळेत कुलपात ठेवावी. तीत मुलांची खाजगी माहिती असल्याने तिला परवलीचा शब्द अवश्य घालावा.

करावयाचे काम : महिन्यातून एकदा एक प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून कोणत्याही पाच विद्यार्थ्यांच्या नोंदी मूळ वहीशी ताडून पाहाव्यात. जी प्रत उघडत नाही, तिचा प्रसंगी काहीही उपयोग होत नाही.