दोर, पिन आणि तुझी सही

बाळा, क्रेन आणि जत्रेतले पाळणे तपासायचं काम शिकायचं ठरवलंयस, असं ताईनं फोनवर सांगितलं. आनंद झाला आणि काळजीही वाटली. आनंद याचा की आपल्या भागात उचलयंत्रं वाढत चाललीत, पण ती मन लावून बघणारी माणसं वाढत नाहीत. अंकुशनगरचा समर्थ कारखाना घे, जालन्याच्या एमआयडीसीतल्या लोखंडाच्या भट्ट्या घे, नाहीतर शहागडच्या पुलावरून रोज जाणाऱ्या हायड्रा क्रेन आणि ट्रेलर बघ. काळजी याची की हे काम सहीचं आहे आणि सही मागणारा माणूस कायम घाईत असतो. माझी सगळी नोकरी उचलयंत्रांच्या दुरुस्तीत गेली. त्यातलं तुझ्या कामाला येईल ते लिहून देतोय.

आधी पात्रतेचं बोलू. 1948च्या कारखाने कायद्यात कलम 29 होतं. क्रेन, साखळ्या, दोर, उचलण्याची सगळी साधनं 12 महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासून घ्यावीत, असं ते सांगायचं. लिफ्ट आणि हॉइस्टसाठी कलम 28, तिथं मुदत सहा महिन्यांची होती. ही सक्षम व्यक्ती कोण, ते राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय ठरवतं. उचलयंत्रांसाठी त्या कायद्याखालच्या नियमांत मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा मेटलर्जीची पदवी आणि रचना, देखभाल किंवा तपासणीचा 7 वर्षांचा अनुभव मागतात. तुझ्याकडे तपासणीची अवजारं आहेत का, तेही बघतात. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा जाऊन नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात. म्हणून अर्ज करशील तेव्हा चालू नियमांची प्रत संचालनालयातूनच घे. कुणाच्या मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नकोस.

पदवी तुझ्याकडे आहे. ही 7 वर्षं कुठं घालवायची, हा खरा प्रश्न. ऑफिसात बसून सर्टिफिकेटच्या फायली लावल्यास तर अनुभव अर्जात दिसेल, हातात येणार नाही. माझं ऐकशील तर पहिली दोन-तीन वर्षं जालन्यात स्टीलच्या प्लांटमध्ये काढ, देखभालीच्या पाळीत. वितळलेलं लोखंड भरलेलं लॅडल उचलणारी क्रेन एकदा जवळून बघितलीस की ब्रेक म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय कळतं. तिथल्या उष्णतेनं तागाचा गाभा असलेला दोर आतून वाळतो, म्हणून तिथं पोलादी गाभ्याचाच दोर लागतो. असल्या गोष्टी तिथं राहूनच पक्क्या होतात. त्यानंतर क्रेन उभारणाऱ्या एखाद्या ठेकेदाराकडे जा. यंत्र उभं राहताना ज्यानं बघितलंय, त्याला ते कुठून पडेल हे लवकर दिसतं.

मधल्या काळात विनाशक नसलेल्या चाचण्यांचा, म्हणजे एनडीटीचा कोर्स कर. डाय पेनेट्रंट, मॅग्नेटिक पार्टिकल आणि अल्ट्रासोनिक, या तिन्हींत लेव्हल 2 घे. हुकाच्या मानेतली केसासारखी भेग नुसत्या डोळ्याला दिसत नाही. सुरक्षा अधिकारी व्हायचं असेल तर मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स डिप्लोमा आहे. पाळण्यांसाठी अमेरिकेतली नार्सो नावाची संघटना टप्प्याटप्प्याची परीक्षा घेते. ती पुढं दे, घाई नाही. आधी आपल्या मानक ब्युरोचं करमणुकीच्या पाळण्यांचं आयएस 15475 वाच, आणि वाचताना प्रत्येक कलमापुढं आपल्या जत्रेतला एकेक पाळणा आठवत जा.

आता दोराकडे ये. निम्मी क्रेन दोरात असते. दोर बघायचा तर आधी तो पुसायला लाव. ग्रीसचा जाड थर चढवलेला दोर बघून मालक म्हणेल, बघा किती निगा राखलीय. त्या थराखाली तुटलेल्या तारा झाकल्या जातात. रॉकेल, ब्रश आणि चिंधी. चिंधी दोरावरून हळू ओढायची. तुटलेली तार असेल तिथं चिंधीचा धागा अडकतो. उघडा हात कधी फिरवू नकोस, तार तळव्यात घुसते. धागा अडकला तिथं खडूनं खूण कर आणि मोज. बांधकाम मजुरांच्या 1998च्या केंद्रीय नियमांत मोजमाप दिलंय: दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या 10 टक्क्यांहून जास्त झाल्या, तर दोर बाद. म्हणजे 16 मिलिमीटरचा दोर असेल तर 12.8 सेंटिमीटरच्या पट्ट्यात मोजायचं. 6 बाय 19 च्या दोरात 114 तारा, त्यातल्या बारा तुटलेल्या सापडल्या की संपलं. एवढ्यावर वाद घालत बसायचं नाही.

व्हर्नियर लावताना पदराच्या उंचवट्यावर लाव, दोन पदरांमधल्या सपाटीवर नको. सपाटीवर माप कमीच येतं. वरून तारा धड दिसतात, झीज नाही आणि तरी व्यास घटलाय, असा दोर सापडला तर त्याचा गाभा मेलाय असं समज. असा दोर आधी इशारा देत नाही. ड्रमवर शेवटचं टोक जिथं बांधलंय ती जागा सगळे विसरतात. हुक अगदी खाली सोडून ड्रमवर किमान दोन वेढे उरतात का ते मोज. टोकाला क्लिपा असतील तर त्यांची बैठक, म्हणजे सॅडल, ओझं घेणाऱ्या दोरावर हवी आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलट्या लावलेल्या क्लिपा मला गावोगाव दिसल्यात, विहिरीच्या मोटरवरसुद्धा. यू-बोल्ट ओझ्याच्या दोराला चिरडतो आणि दोर तिथूनच तुटतो.

स्लिंगचं गणित तुला येतं, पण ते जागेवर बोलून दाखव, कारण खालचा रिगर शाळेत ते शिकलेला नसतो. दोन पायांच्या स्लिंगनं 2 टन उचललं आणि पाय सरळ उभे असले तर एकेका पायावर 1 टन. तेच पाय फाकून आडव्याशी 30 अंशाचा कोन झाला, तर एकेका पायावर पूर्ण 2 टन. दोरी तीच, वजन तेच. हे मी रिगरला जमिनीवर कोळशानं आखून दाखवायचो, तेव्हा त्याला पटायचं.

साखर कारखान्याचं एक ध्यानात ठेव. गळीत हंगामात क्रेन गव्हाणीवर रात्रंदिवस मोळ्या टाकते आणि बगॅसची धूळ ग्रीसमध्ये मिसळून ब्रेकपर्यंत जाते. पावसाळ्यात तेच यंत्र ओलाव्यात नुसतं उभं असतं, गंजतं. म्हणून वर्षाची तपासणी हंगामाच्या तोंडावर कर आणि हंगामाच्या मध्यावर, कुणी बोलावलं नाही तरी, एक फेरी मार. लिमिट स्विच रिकाम्या हुकानं, हळू चालीवर तपास. ब्रेक बघताना वजन जमिनीपासून वीतभर उचलून थांबव आणि ते खाली सरकतंय का ते बघ.

आता ओझ्याच्या चाचणीचं, कारण इथं तपासणाऱ्याचाच जीव जातो. त्याच 1998च्या नियमांत 20 टनांपर्यंतच्या यंत्राला 25 टक्के जास्त, 20 ते 50 टनांना 5 टन जास्त आणि त्यावर 10 टक्के जास्त ओझं लावून बघायला सांगितलंय. आकडे पाठ कर, पण 1 ऑगस्ट 2020ला विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये काय झालं तेही लक्षात ठेव. नव्या, 70 टनांच्या क्रेनची चाचणी चालू असताना ती कोसळली आणि 11 जण गेले. चाचणी म्हणजे ज्या यंत्रावर अजून भरवसा बसलेला नाही, त्याच्यावर नेहमीपेक्षा जास्त ओझं. तेव्हा जवळ गर्दी कशाला? क्रेनच्या उंचीएवढं मैदान मोकळं कर. ओझं पायरीपायरीनं वाढव, प्रत्येक पायरीला थांब आणि जमिनीपासून वीतभरच उचल. फोटो काढायला साहेब लोक पुढं येतील, त्यांनाही दोरीबाहेर उभं कर. तुला ते जमणार नसेल तर चाचणी घेऊ नकोस.

इथवर क्रेनचं झालं. पाळण्यांचं काम याहून अवघड आहे, आणि तू ते निवडलंस याचं मला कौतुक आहे. कारखान्यातली क्रेन बसवली तिथंच वर्षानुवर्षं राहते. जत्रेतला पाळणा मात्र दर गावाला पुन्हा नव्यानं उभा राहतो. नवरात्रात अंबडला मत्स्योदरीची यात्रा, मग दुसरी, फाल्गुनात पैठणला नाथषष्ठी. प्रत्येक ठिकाणी सगळे खांब, बोल्ट, पिना उतरवून ट्रकात भरतात आणि पुढच्या मैदानावर रात्रीत जोडतात. मालक तुला सर्टिफिकेट दाखवेल. खरं असेल, मुदतीतलं असेल. पण ते यंत्राचं आहे, या जोडणीचं नाही, या जमिनीचं तर नाहीच. तू तपासायची आहे ती आजची जोडणी. ती उतरली की तुझी सहीही संपली, हे सर्टिफिकेटवरच लिही: अमुक गाव, अमुक मैदान, अमुक तारखेची उभारणी.

जमिनीपासून सुरू कर. आपली काळी माती ओली झाली की फुगते, मऊ पडते आणि वाळली की भेगाळते. पाळण्याच्या पायाखाली लाकडी ठोकळे देतात. सकाळी ओळंब्यात असलेला खांब संध्याकाळी कललेला असतो, कारण दुपारी धूळ बसावी म्हणून यात्रा समितीनं टँकरनं पाणी मारलेलं असतं. म्हणून ठोकळ्याखाली जाड लोखंडी पत्रा किंवा रुंद फळ्यांचा थर मागव, दोनदा लेव्हल लाव, सकाळी आणि गर्दी सुरू व्हायच्या आधी, आणि पायांजवळ पाणी मारायचं नाही हे समितीला लेखी दे.

मग पिना. पाळण्याचं सगळं वजन पिनांवर असतं आणि पिनेला जागेवर धरून ठेवते ती बोटाएवढी आर-क्लिप. रात्रीच्या जोडणीत क्लिप हरवते, मग पोरं तिथं बांधणीची तार नाहीतर खिळा वाकवून घालतात. वरून सगळं सारखंच दिसतं. प्रत्येक पिनेला हात लाव. तुझा हात पोचत नसेल तिथं शिडी मागव. शिडी नाही म्हणाले तर तपासणी झाली नाही, असं लिही.

नळीच्या आतला गंज ही या धंद्यातली सगळ्यात फसवी गोष्ट. 26 जुलै 2017ला अमेरिकेत ओहायोच्या राज्य जत्रेत एका मोठ्या पाळण्याचा बसायचा भाग फिरताफिरता तुटून उडाला. एक तरुण जागीच गेला. त्याच दिवशी त्या पाळण्याची तपासणी झालेली होती. पुढं बनवणाऱ्या कंपनीनं सांगितलं की आधार देणारी तुळई आतून गंजून तिचा पत्रा पातळ झाला होता. बाहेरून रंग छान होता. आपल्याकडे 14 जुलै 2019ला अहमदाबादच्या कांकरियात लंबकासारखा झुलणारा पाळणा तुटून दोघे गेले. म्हणून जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक यंत्र घेतल्याशिवाय पाळण्याकडे जाऊ नकोस. ताजा रंग दिसला की तिथंच आधी लाव. पाणी साचतं ते खालचं टोक, वेल्डच्या कडेचा भाग आणि पुन्हापुन्हा वेल्ड केलेली जागा, इथं वेळ घाल.

चालवून बघायचं तर आधी रिकामा, मग वाळूच्या पोत्यांनी भरून, मग एकाच बाजूला पोती ठेवून. खऱ्या जत्रेत पाळणा एका बाजूला भरलेला असतो, तो तसाच फिरतो. गावातली हौशी पोरं म्हणतील, आम्ही बसतो ना. एकालाही बसू देऊ नकोस. आणि मालकापेक्षा चालवणाऱ्या मुलाशी जास्त बोल. वीज गेली तर वर अडकलेल्यांना खाली कसा आणतोस? वारा सुटला तर कधी थांबवतोस? त्याला उत्तर द्यायला वेळ लागला, तर तेवढंच टिपून घे. जनरेटरचं अर्थिंग बघ. कोरड्या मैदानात खुपसलेला गज काहीच काम करत नाही.

पैशाचं स्पष्ट बोलतो. तुझी फी तपासणीची आहे, निकालाची नाही. ती आधी घे आणि नापास केलंस तरी तीच राहील हे आधी सांग. फोन येतील. उद्या यात्रा आहे, देवीचं काम आहे, अमुक भाऊंनी सांगितलंय. आवाज चढवू नकोस, हो किंवा नाही तोंडी म्हणू नकोस. काय सापडलं ते मराठीत, जागा दाखवून लिही: "मागच्या बाजूचा डावा खांब, खालून दुसरी पिन, क्लिप नाही." जे बघता आलं नाही तेही लिही. फोटो जोड. पत्र मालकाला दे आणि एक प्रत परवाना देणाऱ्या पोलीस ठाण्यात, पोच घेऊन. बाईमाणूस आहे, ऐकून घेईल असं समजून काहीजण जास्त जोर लावतील. लेखी पत्रापुढं तो जोर फार वेळ टिकत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

कारखाना बंद झाला की देखभालीच्या दिवसांत इकडे ये. जुने दोर ड्रमवरून उतरवतात, तेव्हा एकेक पदर उलगडून आतला गाभा बघायला मिळतो. तुला आत न्यायला मी बोलून ठेवतो. येताना व्हर्नियर स्वतःचं आण आणि पायात बूट घाल, चप्पल चालणार नाही.