उभ्या टॅक्सीतही मीटर का पळतं?

प्रश्न : थोरली मुलगी परदेशातून संध्याकाळच्या विमानानं मुंबईत उतरतेय. तिला घेऊन दादर गाठायचं आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून कुर्डुवाडीला उतरायचं, असा बेत आहे. आमच्याकडं वडापला आणि होडीला माणशी दर ठरलेला. मीटरशी कधी गाठ पडली नाही. टॅक्सी ट्रॅफिकमध्ये उभी असली तरी मीटर पळतं म्हणतात, ते खरं का? मग आधीच पैसे ठरवून बसलेलं बरं नाही का?
— एक वाचक, कुगाव (ता. करमाळा)

उत्तर : खरं आहे. उभ्या टॅक्सीतही मीटर पळतं आणि त्यात लबाडी नाही. मीटर दोन गोष्टी मोजतं. गाडी धावत असताना चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर, आणि गाडी थांबली किंवा रांगायला लागली की वेळ. सिग्नलला अडकलात तरी चालक आणि त्याची गाडी तुमच्याच कामात गुंतलेली असते, दुसरं भाडं त्याला घेता येत नाही. त्या खोळंब्याचे पैसे त्याला मिळायला हवेत.

दर मात्र चालकाच्या मर्जीवर नसतो, सरकारी प्राधिकरण ठरवतं. 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये आणि पुढे किलोमीटरला 20 रुपये 66 पैसे असा दर लागू झाला. समजा, प्रवास बारा किलोमीटरचा झाला. पहिले 31 आणि उरलेल्या साडेदहा किलोमीटरचे 217, म्हणजे 248 रुपये, खोळंबा त्यावर. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत पाव पट जास्त. एसीच्या कूल कॅबचं मीटर 48 पासून सुरू होतं. म्हणून बसल्या बसल्या आकड्याकडे बघा. या दरानं काळी-पिवळी असेल, तर मीटर टाकल्यावर 31 च दिसायला हवेत. आधीच्या प्रवाशाचा आकडा तसाच चालू असेल, तर गाडी हलण्याआधी सांगा.

मीटरमध्ये गडबड केली तर? त्यासाठी त्याला तार ओवून सील ठोकलेलं असतं. भिगवणच्या बाजारात उजनी धरणातली मासळी ज्या काट्यावर तोलतात आणि कारखान्यावर तुमचा ऊस ज्या वजनकाट्यावर चढतो, ते तपासणारं वैधमापन खातंच टॅक्सीचं मीटरही तपासतं. काट्यावरचा शिक्का बघायची सवय तुम्हाला आहेच, ती इथं उपयोगी पडेल. मुंबईला फार पूर्वी जाऊन आलेले लोक तक्त्याच्या गोष्टी सांगतील. जुन्या यांत्रिक मीटरवरचा आकडा म्हणजे भाडं नसे, तक्त्यात बघून हिशेब करावा लागे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर थेट रुपये दिसतात.

कुगावहून होडीनं पलीकडे कळाशीला जाताना मीटर लागत नाही, कारण वाट एकच आणि दर सगळ्यांना पाठ. वडापचंही तेच. मीटर लागतं ते अनोळखी शहरात, जिथं हातातली बॅग बघून भाडं सांगितलं जातं. रोजच्या मुंबईकराला आणि परदेशातून उतरलेल्या तुमच्या मुलीला एकाच हिशेबानं भाडं पडावं, यासाठीच ते आहे. आधी ठरवून बसायचं म्हटलं, तर ज्याला दर माहीत त्याचाच सौदा जमतो, आणि विमानतळावर तो माणूस तुम्ही नसता.

तुमच्या होडीबद्दलही इथंच सांगतो. 21 मे 2024 ला कुगाव-कळाशीच्या पाण्यात वादळानं होडी उलटून सहा जण बुडाले. होडीला मीटर नको. पण टॅक्सीला जशी नोंदणी, तपासणी आणि क्रमांक असतो, तसा होडीलाही हवा, आणि प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं. हे मागायला तुम्ही कचरू नका.

आता तुमच्या बेताचं. संध्याकाळची वेळ, सोबत सामान आणि पुढं गाडी धरायची, म्हणून मी तुम्हाला मीटरपेक्षा विमानतळावरच्या प्रीपेड खिडकीकडे पाठवीन. भाडं मीटरपेक्षा थोडं जास्त पडेल, पण ते आधीच भरलेलं असतं. वाटेत कितीही खोळंबा झाला तरी आकडा वाढत नाही. पैसे खिडकीतच भरायचे, बाहेर गाठणाऱ्या दलालाकडे नाही. पावतीवरचा गाडीचा क्रमांक समोरच्या गाडीशी ताडून पाहा आणि चालकाची पावती दादरला सामान उतरवून झाल्यावरच त्याच्या हाती द्या. भाडं चुकतं झाल्याचा तोच पुरावा.

परतीला एकटेच असाल आणि रस्त्यावर टॅक्सी धरलीत, तर मीटरनंच जा. चालक मीटर टाकायला नकार देत असेल, तर हुज्जत घालू नका. गाडीचा क्रमांक, जागा आणि वेळ लिहून घ्या आणि आरटीओकडे तक्रार करा. परवानाधारक टॅक्सीनं भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्यानं गुन्हा आहे.