हिरवळीतील उजाड तुकडा : कार्यकारणभावाचा एक पाठ

आमच्या विद्यालयाच्या प्रांगणात, वसतिगृहाच्या पूर्वेस, हरळीची हिरवळ आहे. तिच्या मध्यभागी सुमारे १२ फूट लांब आणि ९ फूट रुंद असा एक तुकडा कित्येक वर्षे उजाड राहिला. आषाढ-श्रावणात तेथे कोंब दिसत, पोळा उलटला की ते पिवळे पडत आणि दिवाळीपर्यंत माती उघडी पडे. दोंडाईचा परिसर पर्जन्यछायेतील. पाऊस सरला की येथे गवत सुकणे नवे नाही. परंतु सभोवतालची हरळी तग धरून असताना एवढाच तुकडा का वाळावा, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाला दोन उत्तरे तयार होती. जागा बाधित आहे, तेथे नारळ फोडावा, हे एक. बी निकस आहे, दुसरे आणावे, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत एक साम्य होते. जमिनीकडे वाकून पाहण्याची गरज दोघांनाही वाटली नव्हती. म्हणून इयत्ता आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांसह आम्ही हा शोध हाती घेतला. त्याची पद्धत अन्यत्रही उपयोगी पडेल, या हेतूने ती येथे मांडीत आहोत.

शोधाची बैठक

भगवान बुद्धांच्या शिकवणुकीचा गाभा पटिच्चसमुप्पादात आहे. कारण असेल तर कार्य घडते. कारण नाहीसे झाले की कार्यही थांबते. चार आर्यसत्यांची रचना कुशल वैद्याच्या निदानासारखी आहे : दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर होऊ शकते आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे. प्रत्येक घटनेचे कारण मानवी कृतीत वा निसर्गात शोधावे, हा विचार बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आग्रहाने मांडला. हा विचार वंदनेपुरता ठेवायचा नसेल, तर तो अंगणातही लागू करता आला पाहिजे.

पाहणी

इतिहासाचा विद्यार्थी जाणतो की जमीन हाही एक दप्तरखाना आहे. आपल्यापासून फार दूर नसलेल्या, तापीकाठच्या प्रकाशे येथे १९५५ साली बा. के. थापर यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. तेथील मातीच्या थरांतूनच ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचा क्रम उलगडला. गवतही कधी कधी अशी साक्ष देते. इंग्लंडमधील स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाच्या परिसरात २०१३ च्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याची नळी तोकडी पडली आणि एका भागातील गवत तहानलेले राहिले. ते जागजागी सुकले. त्या सुकलेल्या खुणा, आज जेथे शिळा नाहीत पण पूर्वी असाव्यात अशा ठिकाणी उमटल्या होत्या. वर्तुळ एके काळी पूर्ण असावे, या मताला त्यामुळे आधार मिळाला.

मात्र उत्खनन पुरावा उघड करते तसा तो मोडतेही. म्हणून कुदळ शेवटी, निरीक्षण आधी. विद्यार्थ्यांनी खुंट्या व सुतळीच्या साहाय्याने तुकड्याचा नकाशा काढला. त्याच्या कडा जवळजवळ सरळ निघाल्या. निसर्ग सहसा काटकोन आखत नाही. सरळ कडा माणसाच्या हाताकडे बोट दाखवतात. गोलाकार उजाडपणा असता, तर झाडाची सावली वा मुळे तपासावी लागली असती. लांब चिंचोळा पट्टा असता, तर पायवाटेचा संशय आला असता. ये-जा करणाऱ्या पावलांखाली माती घट्ट दाबली जाते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते.

हरळीला भरपूर ऊन लागते. सकाळी, दुपारी व सायंकाळी छायेच्या नोंदी घेतल्या, तेव्हा उजाड तुकड्यावर व शेजारच्या हिरवळीवर सारखेच ऊन पडत असल्याचे दिसले. सावलीचे कारण बाद झाले. ऋतूची नोंद अधिक बोलकी होती. पावसाळ्यात कोंब फुटत होते, म्हणजे तेथे जीव धरण्याची क्षमता होती. पाऊस थांबताच ते मरत होते, म्हणजे ओल टिकत नव्हती.

प्रयोग

यानंतर चार कुंड्या घेतल्या. दोहोंत उजाड तुकड्यावरची माती, दोहोंत हिरव्या भागातील माती भरली. चारहींत एकाच ठिकाणच्या हरळीच्या कांड्या लावल्या आणि चारही कुंड्या एकाच उन्हात ठेवल्या. प्रत्येक जोडीतील एका कुंडीला कूपनलिकेचे पाणी, दुसरीला साठविलेले पावसाचे पाणी दिले. एका वेळी एकच बाब बदलावी, हा प्रयोगाचा नियम. महिनाभरात चारही कुंड्या हिरव्या झाल्या. रोप निर्दोष ठरले, वरची माती निर्दोष ठरली, पाणीही निर्दोष ठरले. उरले ते खाली होते.

आता पहार घेतली. शेजारच्या ओल्या मातीत ती सहज फूटभर उतरे. उजाड तुकड्यात वीतभर खोलीवर ठणकन अडे. खड्डा घेतल्यावर वाळू-सिमेंटचा दोन-तीन इंची टणक थर व विटांचे तुकडे निघाले. वसतिगृहाच्या बांधकामावर राबलेल्या एका वयोवृद्ध गवंड्याला विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की माल याच जागी कालवला जात असे. काम संपल्यावर वर माती पसरली गेली. वस्तुरूप पुरावा आणि तोंडी साक्ष एकमेकांशी जुळली. ज्या छपराखाली आज आमची मुले निजतात, त्याचा माल येथे कालवला गेला होता. जागेला कसलीही बाधा नव्हती. तेथे माणसांच्या श्रमाची खूण होती.

थर टिकावाने फोडून काढला, पोयट्याची माती व कुजलेले शेणखत भरले आणि पहिल्या पावसानंतर हरळी लावली. दुसऱ्या पावसाळ्याअखेर तुकड्याची सीमा ओळखू येईनाशी झाली.

निदान तसा उपाय

वाचकांनी सर्वत्र पहारच चालवावी, असे आमचे म्हणणे नाही. उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर चढत असेल, तर क्षारांचा संशय घ्यावा आणि मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. सामू ८.५ च्या आत, पण विद्युतवाहकता ४ च्या वर असेल, तर जमीन खारवट. तेथे चांगल्या पाण्याने क्षार धुऊन ते चरांवाटे बाहेर काढावे लागतात. सामू ८.५ च्या वर जाऊन सोडियमचे प्रमाण वाढले असेल, तर ती चोपणतेची खूण. तेथे जिप्सम उपयोगी पडते. लक्षण एकच, कारणे निरनिराळी. म्हणून एका जागेचा उपाय दुसऱ्या जागी डोळे झाकून वापरता येत नाही.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेला निबंध या दृष्टीने विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावा. शेतीच्या दैन्याचे कारण तुकड्यांचा लहान आकार, असे तेव्हा सांगितले जात होते आणि तुकडे जोडणे हा उपाय सुचविला जात होता. बाबासाहेबांनी प्रश्न खोल नेला. भांडवल व साधने अपुरी, आणि शेतीवर विसंबलेल्या माणसांचा भार मोठा. म्हणून उपाय औद्योगिकीकरणात आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. वरवर दिसणाऱ्या कारणाखाली दुसरा थर असतो, हेच त्यांनी दाखविले.

आम्हा शिक्षकांसाठी याहून निकटचा अर्थ आहे. या देशात शतकानुशतके काही माणसांच्या न वाढण्याचा दोष त्यांच्या बियाण्याला, म्हणजे जन्माला, दिला गेला. त्यांच्या पायांखालचा टणक थर कोणी घातला, हे विचारले गेले नाही. जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांनी ते विचारले, आणि तो थर फोडण्यासाठी शिक्षणाची कुदळ हाती दिली. आजही वर्गात एखादे मूल मागे पडते, तेव्हा ‘त्याच्यातच काही नाही’ हा शेरा फार लवकर उमटतो. त्याला फळा दिसतो का, त्याने सकाळी काही खाल्ले आहे का, घरी अहिराणी वा भिली बोलणाऱ्या त्या मुलाला पुस्तकातील मराठी उमगते का, ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांसोबत त्याचे किती महिने बुडाले, हे प्रश्न आधी यावयास हवेत. एकेक कारण तपासून बाद करीत जावे. तेवढे श्रम घेण्यापूर्वी कोणत्याही मुलाच्या नावापुढे शेरा लिहिण्याचा अधिकार शिक्षकाला पोहोचत नाही.