फाइलीचा पत्ता

लोणी काळभोर येथील विद्यार्थ्यास परगांवच्या मित्रानें पत्र लिहिलें आणि पाकिटावर केवळ 'लोणी' एवढेंच घातलें, तर तें कोठें जाईल? आपल्या हवेली तालुक्यांतच लोणी काळभोर आणि लोणी कंद अशीं दोन गांवें आहेत. बारामती तालुक्यांत लोणी भापकर आहे, आणि प्रवरेकडील लोणी तर साखर कारखान्यामुळें सर्वांस ठाऊक. मात्र आपल्याच गांवांत उभे राहून 'डावीकडचें तिसरें घर' म्हटलें, तर अधिक कांहीं सांगावें लागत नाहीं. संगणकांतील फाइलीचें असेंच आहे. मुळापासून सांगितलेला पत्ता पूर्ण. आपण उभे आहों तेथून सांगितलेला तो सापेक्ष.

प्रोग्राम बरोबर चालतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं जे लहान प्रोग्राम लिहितात त्यांस चाचण्या म्हणतात. पायथॉन भाषेंत 'पायटेस्ट' ही या कामाची लायब्ररी, म्हणजे तयार साधनांचा संच, प्रसिद्ध आहे. समजा, एका चाचणीस 'नमुने' या फोल्डरांतील फाइल उघडावयाची आहे व पत्ता सापेक्ष लिहिला आहे. लिहिणाऱ्यानें ती आपल्या फोल्डरांतून चालविली, उत्तीर्ण. दुसऱ्यानें तीच वरच्या फोल्डरांतून चालविली, नापास! प्रोग्राम निर्दोष, चुकला तो परीक्षक. अशा परीक्षकावरचा विश्वास लवकर उडतो, आणि पुढें त्यानें खरा दोष दाखविला तरी 'ही चाचणी उगाच ओरडते' म्हणून कोणी लक्ष देत नाहीं. यावर उपाय असा कीं, पत्ता चाचणीच्या स्वतःच्या फाइलीपासून मोजावा. ती फाइल कोठें आहे हें पायथॉनला ठाऊक असतें.

दुसरा घोटाळा रेघेचा. युनिक्स परंपरेंतील संगणक फोल्डरांच्या नांवांमध्यें माथा उजवीकडे झुकलेली रेघ घालतात, तर विंडोज डावीकडे झुकलेली. 1983 साली एमएस-डॉसमध्यें फोल्डर आलीं तेव्हां उजवीकडची रेघ आज्ञांना जोडावयाच्या सूचनांसाठीं आधींच खर्ची पडली होती! म्हणून एकीकडे लिहिलेला पत्ता दुसरीकडे अक्षरशः ताडून पाहिला कीं चाचणी फसते. शिवाय डावीकडच्या रेघेपुढें इंग्रजी 'टी' आलें, तर पायथॉन त्या जोडीचा अर्थ 'टॅब' असा घेतो. आणि चाचण्यांच्या फोल्डराचें नांव बहुधा 'टेस्ट'च असतें. तेव्हां पत्ता हातानें जुळवूं नये. 2014 पासून पायथॉनमध्यें असलेली 'पाथलिब' योग्य रेघ आपण होऊन घालते. पायटेस्टहि 2018 पासून प्रत्येक चाचणीस निराळें तात्पुरतें फोल्डर याच रूपांत देते.

लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद लिनक्स मानतो व विंडोज सहसा मानीत नाहीं, हें सर्वश्रुत आहे. मराठी नांवांतील खोडी मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. 'दुसऱ्या सत्राचे गुण' या नांवांतील 'ऱ' युनिकोडमध्यें एक चिन्ह म्हणून लिहितां येतो, तसाच साधा 'र' व त्याखालीं नुक्ता असाहि लिहितां येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच. परंतु लिनक्सच्या दृष्टीनें त्या दोन निराळ्या फाइली. म्हणून नांवें ताडण्यापूर्वीं युनिकोडनें ठरविलेल्या एकाच प्रमाणरूपांत आणावीं. फाइल उघडतांना मात्र फोल्डराच्या यादींत मिळालेलें नांव जसेंच्या तसें वापरावें. आपण सुधारलेल्या नांवाची फाइल तेथें असेलच असें नाहीं.