प्रकाशणारी तलवार : विद्युत परिपथाचा एक पाठ

१९ फेब्रुवारीची शिवजयंती असो वा वार्षिक स्नेहसंमेलन, पुठ्ठ्याच्या तलवारीवाचून कार्यक्रम पार पडला अशी शाळा विरळाच. अलीकडे त्या तलवारीच्या पात्यात दिवे बसविण्याची हौस मुलांना लागली आहे. तयार तलवार बाजारात मिळते. परंतु ती आणून दिल्यास हौस भागते आणि पाठ मात्र निसटतो. सहावी-सातवीच्या वर्गाने ती स्वतः जोडावी.

साहित्य अल्प आहे. तीन लाल व तीन पांढरे एलईडी, सहा रेझिस्टर, तीन पेन्सिल-सेल व ते बसविण्याची डबी, एक सरकता स्विच, एक दाबाचा स्विच, वायर, पुठ्ठा आणि पाते झाकण्यास बटर पेपर. एलईडी एकाच दिशेने वीज वाहू देतो, हे मुलांनी प्रथम सेल उलटसुलट जोडून पाहावे. त्याची लांब तार धन, आखूड तार ऋण. तारा कापल्या गेल्यास कडेचा चपटा भाग पाहावा. ती ऋण बाजू होय.

आता मुख्य मुद्दा. तीन सेलांचे विभवांतर ४.५ व्होल्ट. लाल एलईडीस सुमारे २ व्होल्ट पुरतात, पांढऱ्यास सुमारे ३.२ लागतात. उरलेला भार रेझिस्टरने सोसावयाचा असतो. १० मिलिअँपिअर धारा धरल्यास लाल दिव्यासाठी २.५ भागिले ०.०१, म्हणजे २५० ओहम. बाजारात २७० ओहमचा मिळतो, तो घ्यावा. पांढऱ्यासाठी १३० येतात, तेथे १५० चालेल. वर्गातील भागाकाराला असा प्रत्यक्ष उपयोग क्वचितच लाभतो. म्हणून हे उत्तर फळ्यावर आयते देऊ नये.

‘सहा दिव्यांना मिळून एकच रेझिस्टर का नको?’ असा प्रश्न चौकस मूल विचारतेच. उत्तर न देता एक लाल व एक पांढरा दिवा समांतर जोडून दोहोंस मिळून एकच रेझिस्टर लावावा. लाल उजळतो, पांढरा काळोखातच राहतो. लाल दिवा दोन व्होल्टच्या आसपासच वीज वाहू देतो व विभवांतर तेथेच रोखून धरतो. पांढऱ्याच्या वाट्यास पुरेसे येत नाही. लाल काढताच पांढरा उजळतो. हा चमत्कार मुलांना दोनतीनदा करू द्यावा. मग दोन पांढरे एकसर जोडावे. त्यांना ६.४ व्होल्ट हवेत, सेलांजवळ ४.५ आहेत; दिवे पेटत नाहीत. यावरून प्रत्येक दिव्याची स्वतंत्र फांदी व प्रत्येक फांदीत स्वतःचा रेझिस्टर, ही रचना मुलेच सुचवितात.

तलवार टेबलावर पेटते आणि रंगमंचावर विझते, हा दोष नेहमीचा. तलवार फिरविली जाते आणि एकतारी वायर जोडाशी तुटते. यास्तव बहुतारी वायर घ्यावी, पात्यात ती किंचित सैल सोडावी आणि मुठीजवळ एक गाठ मारावी, म्हणजे ओढ जोडावर न येता गाठीवर येते. नुसते पीळ देऊन भागवू नये. जोड सोल्डर करावा व ते काम शिक्षकांनी स्वतः करावे. उरण तालुक्यातील मोरा बंदरासारख्या ठिकाणी खाऱ्या दमट हवेने तांब्यावर हिरवट थर चढतो. तेथे जोडण्यापूर्वी तार पॉलिश कागदाने घासावी आणि जोडावर टेप गुंडाळावी. होडीवरच्या दिव्यांची वायर पाहिलेल्या कोळी मुलांस हे सांगावे लागत नाही; डाव्या बाजूस लाल व उजव्या बाजूस हिरवा दिवा का, हेही तीच वर्गाला सांगतील.

दोन स्विच एकसर जोडावे. सरकता स्विच पडद्यामागे बंद राहतो व सेल वाचतात. दाबाचा स्विच अंगठ्याखाली असतो व तलवार उगारताच पाते उजळते. दोन्ही मिटल्यावाचून परिपथ पूर्ण होत नाही. स्विच सेलांच्या दोन टोकांमध्ये थेट जोडला गेल्यास मात्र सेल तापतात.

घरातील विजेशी या तलवारीचा संबंध कदापि येऊ देऊ नये. लहान आकारामुळे बटन-सेलाचा मोह होतो, तोही टाळावा. धाकट्या भावंडाने तो गिळल्यास दोन तासांत अन्ननलिकेस गंभीर इजा होऊ शकते. तसे घडल्यास वा नुसती शंका आली तरी मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे. ओकारी काढण्याच्या खटपटीत वेळ दवडू नये.

नाटकात भूमिका न मिळालेल्या मुलामुलींकडे तलवारींची व्यवस्था सोपवावी. एकच दिवा गेला तर दोष त्याच्या फांदीत. सर्व गेले तर तो सेल, स्विच किंवा मुठीजवळच्या जोडात. एवढे ज्यास सांगता येते त्याने जादा सेल खिशात घेऊन पडद्याआड उभे राहावे.